हिटी पेटिबोनची चार बिऱ्हाडं

नवऱ्याच्या मनात काय शिजतंय, हे हिटी पेटिबोनला त्याच्या तोंडून कधी कळलं नाही. आधी घर सांगायचं. कुऱ्हाडीला नवा दांडा बसायचा, बैलांचे खूर दोन-दोनदा उचलून बघितले जायचे, आणि कुंपण मोडलं की एसाहेल म्हणायचा, "राहू दे गं सध्या." पुढच्या वर्षी जो इथे असणारच नाही, तो कुंपणाला कशाला हात लावील?

१८३८ च्या वसंतात मागच्या शेताच्या कुंपणाची सहा लाकडं निखळली. गाय दोनदा कोवळ्या गव्हात शिरली. एसाहेल दारात उभा राहून पश्चिमेकडे बघत होता. तिसऱ्या दिवशी साठ वर्षांच्या हिटीने आपला जाड कापडाचा झगा गुडघ्यापर्यंत वर खोचला आणि एकेक लाकूड उचलून स्वतः बसवलं. पाठ भरून आली. ओसरीच्या पायरीवर येऊन ती बसली आणि म्हणाली, "पेटिबोन, यावेळी कुठे?"

बेचाळीस वर्षांच्या संसारात ती नवऱ्याला आडनावानेच हाक मारत आली होती. तिची आईही बापाला तशीच हाक मारायची.

एसाहेलने मान वळवली नाही. "आयोवा," तो म्हणाला. "मिसिसिपीच्या पलीकडे. आपला पोरगा बघून आलाय, ऑरिन. माती इतकी काळी आहे म्हणतो, की हात धुवावासा वाटत नाही."

"इथली माती कुठे गोरी आहे?"

"इथे गर्दी झाली, हिटी. परवा मी मोजलं. उठल्यावर पाच घरांचा धूर दिसतो."

धुराचं हे गाऱ्हाणं हिटीला पाठ होतं.

लग्न झालं तेव्हा ती अठरा वर्षांची होती आणि कनेक्टिकटमध्ये एका टेकडीच्या उतारावर राहत होती. तिथे दर वसंतात जमीन दगडांना जन्म देई. नांगराआधी पोरांनी दगड वेचायचे, बांधावर रचायचे, पुढच्या वर्षी पुन्हा तितकेच. लग्नानंतर दोन वर्षांत एसाहेलने तिला गाडीत बसवून पश्चिमेला जेनेसी नदीकाठच्या रानात आणलं. देश तेव्हा नुकताच कुठे वीस-बावीस वर्षांचा झाला होता. जो तो त्याच्याबद्दल घरच्या थोरल्या मुलासारखा बोलायचा: काय उंच होतोय, काय खातोय. रान कसं साफ करायचं, हे हिटी तिथे शिकली. झाडाची साल गोल सोलून काढायची, झाड उभ्या उभ्या वाळू द्यायचं, आणि त्या मेलेल्या झाडांच्या मधून मका पेरायचा. पहिली दोन वर्षं माणूस सांगाड्यांच्या गर्दीत राहतो. हिवताप तर तिथे पाचवीलाच पुजलेला. एक दिवस आड अंगात थंडी भरायची, आणि मधल्या दिवशी सगळी कामं उरकायची. दुसऱ्या हिवाळ्यात तिची तान्ही मुलगी लोइस गेली. घरामागे तिला पुरलं आणि ओढ्यातला एक सपाट दगड वर ठेवला.

जेनेसीत गिरणी झाली, चर्च झालं, रस्ता झाला, तशी एसाहेलची झोप उडाली. तयार जमीन विकली, गाडी जुंपली, ओहायो. ओहायोत तेरा वर्षं काढली. तोच सगळ्यात लांब मुक्काम. तिथे पाच वर्षांचा सायलस घटसर्पाने गेला. थोरला जेरेड सतरा वर्षांचा झाला तेव्हा इंग्रजांशी पुन्हा लढाई पेटली होती. चौकात ढोल वाजला. एक वकील पिंपावर चढून म्हणाला, की इंग्रजांचा कॅनडा म्हणजे पिकलेलं फळ, नुसतं हात लांब करायचा अवकाश. जेरेडने हात लांब केला. उत्तरेकडच्या छावणीत हगवणीने तो नऊ दिवसांत संपला. गोळीचा आवाजही त्याने ऐकला नव्हता. पुढल्या चार जुलैला, देशाच्या वाढदिवसाच्या जेवणावळीत, त्याच वकिलाने जेरेडचं नाव घेऊन पेला उचलला. म्हणाला, त्याच्या रक्ताने स्वातंत्र्याच्या झाडाला पाणी घातलं. एसाहेलचे डोळे भरून आले. हिटी बाकावर बसून होती. जेरेडच्या सोबत्याने तिला सगळं सांगितलं होतं. शेवटी शेवटी त्याच्या अंगात रक्त असं उरलंच नव्हतं, नुसती तहान होती.

जेरेडची कबर कुठे आहे, हे तिला कधी समजलं नाही.

ओहायोनंतर इंडियानात व्हाइट नदीकाठी नऊ वर्षं. तिथे एक मूल मेलेलंच जन्माला आलं. मग तिथूनही उठून वॉबॅश नदीच्या वरच्या काठाला, हे चौथं बिऱ्हाड. दर वेळी ती तीच लोखंडी कढई, तोच चरखा, तेच बियाण्याचं फडकं घेऊन गाडीत चढायची आणि मागे वळून बघायची नाही. लोक म्हणत, हिटीचं काळीज घट्ट. काळीज घट्ट नव्हतं. मागे बघितलं की घरामागचा तो कोपरा दिसायचा, म्हणून ती बैलांच्या शिंगांकडे बघत बसायची.

वॉबॅशला आली तेव्हा तिने ठरवलं होतं, की शेजारणींशी फार जीव लावायचा नाही. पण पहिली दोन वर्षं शेजारणी नव्हत्याच. होती ती मानी.

मानी पोटावाटमी, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांतली; गोरे त्यांना इंडियन म्हणत. उत्तरेकडच्या तळ्यांजवळ तिची वस्ती. पाद्र्यांनी तिचं नाव मारी ठेवलं होतं, पण तिच्या लोकांच्या बोलीत 'र' नाही, म्हणून ती स्वतःला मानी म्हणे. हिटीपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी असेल. तिला आपली बोली येई, फ्रेंच येई, आणि व्यापाऱ्यांच्या दुकानात कानावर पडून पडून इंग्रजीही येई. हिटीला एकच भाषा येत होती. शरदात मानी दलदलीतली आंबट लाल फळं झाडसालीच्या टोपल्यांत भरून आणायची आणि बदल्यात मीठ न्यायची. टोपली ठेवून ती लगेच उठत नसे. चुलीजवळ बसून पाइप ओढायची आणि घरभर नजर फिरवायची.

"हे घर किती वर्षांचं बांधलंस?" पहिल्याच शरदात तिने विचारलं होतं.

"म्हणजे?"

"तुमची घरं वर्षांच्या हिशोबाने असतात. कुणाचं पाच, कुणाचं सात. तुझं?"

हिटीला हसू आलं. खूप दिवसांनी आलं म्हणून ते नीट जमलंही नाही. "माझ्या नवऱ्याला विचार," ती म्हणाली.

"तो काय सांगणार? तो खिडकीबाहेर बघत असतो."

असं दहा वर्षं चाललं. फार नाही, वर्षातून चार-सहा भेटी. मानीची सून आन हिटीला एकदा भेटली होती, लाजरी, लग्नाला नुकतंच वर्ष झालेली. हिटीच्या पायाला कुऱ्हाड लागली तेव्हा मानीने तीन दिवस राहून जखम धुतली, कसल्याशा सालीचं पोटीस बांधलं. निघताना म्हणाली, "आता लंगडशील, पण चालशील." तसंच झालं.

आणि मग मागच्याच हिवाळ्यात सात शेजारी हिटीच्या टेबलाभोवती जमले. शाळामास्तराने कागद लिहून आणला होता, गव्हर्नरसाहेबांना विनंतीचा. इंडियन लोक तळ्यांजवळची उत्तम जमीन अडवून बसलेत, करारात त्यांनी ती दिली आहे, काही म्हणतात दिली नाही, पण या वादामुळे वस्ती खोळंबली आहे. तरी सरकारने त्यांना लवकरात लवकर मिसिसिपीपलीकडे पोचवावं. मास्तराने मोठ्याने वाचून दाखवलं. मधे 'प्रजासत्ताकाची नैसर्गिक वाढ' असे शब्द होते, ते त्याने दोनदा वाचले. हिटीने सगळ्यांना सफरचंदाची दारू वाढली. एसाहेलने सही केली ती चौथी. शाई वाळावी म्हणून कागदावर त्याने फुंकर मारली.

सगळे गेल्यावर ती म्हणाली, "मानीचं काय?"

"एकट्या मानीचा प्रश्न नाही गं. मानी चांगली आहे. कोण नाही म्हणतंय?"

"तिने माझा पाय वाचवला."

"मग मी काय तिच्याविरुद्ध लिहिलंय? तिचं नावही नाही त्यात." आणि हे तो अगदी मनापासून बोलला. हिटीला त्याचाच जास्त शीण आला.

आता आयोवा. एसाहेलने गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं, केंटकीहून आलेला एक सुखवस्तू माणूस. ही जमीन सरकारी कचेरीतून रीतसर कागद करून घेतलेली, त्यामुळे विकायची तर खरेदीखतावर बायकोची सही हवी. गावचा न्यायपंच टटल घरी आला. कायद्याने त्याला नवऱ्याला बाहेर काढून बायकोला एकटीला विचारावं लागे: राजीखुशीने करतेस ना, कुणाचा धाक नाही ना? जेनेसीत हिटीला हे विचारलं होतं, ओहायोत आणि व्हाइट नदीवरही. तिन्ही वेळा ती 'हो' म्हणाली होती. दर वेळी पंचाने उत्तर पुरतं ऐकण्याआधीच लेखणी तिच्यापुढे केली होती.

टटलनेही केली. बाहेर ओसरीवर एसाहेल आणि केंटकीवाला बैलांबद्दल बोलत होते, ते आत ऐकू येत होतं.

"राजीखुशीने करताय ना, हिटीमावशी?" टटल म्हणाला. परिसरात सगळे तिला मावशीच म्हणत.

"नाही."

टटलची लेखणी तशीच राहिली. "धाक आहे का कुणाचा?"

"धाक कसला? पेटिबोनने आयुष्यात माझ्यावर आवाज चढवला नाही."

"मग?"

"मी दमलेय."

"मावशी, ते कागदावर कसं लिहू? दमलेय असं कारण नसतं."

"मग नाही एवढंच लिही."

टटल उठून दाराशी गेला आणि ओशाळल्या आवाजात म्हणाला, "एसाहेल, बाई नको म्हणतायत." बाहेरचं बैलांबद्दलचं बोलणं थांबलं.

त्या आठवड्यात मुलगी रोडा दोन मैलांवरून आली, रडली, म्हणाली, "आई, लोक काय म्हणतील? या वयात नवऱ्याला एकटं सोडायचं?"

"मी कुठे सोडतेय? मी आहे तिथे आहे. तेच चाललेत."

एसाहेलला शेवटपर्यंत वाटत होतं की ती चढेल. गाडी भरली, ऑरिन आणि त्याची बायको बसली. तरी तो जोखड धरून उभाच. हिटीने त्याचे लोकरी मोजे, मक्याच्या जाड भाकऱ्या आणि हिवतापावरची औषधी साल बांधून दिली.

"हिटी, पुढच्या वर्षी तुला न्यायला येईन. तोवर घर उभं राहील."

"घर तुमचं उभं राहतंच," ती म्हणाली. "पाय ओले ठेवू नका."

गाडी वळणाआड गेली. आयुष्यात पहिल्यांदा ती मागे उरणाऱ्या बाजूला होती.

त्या उन्हाळ्यात पाऊस झालाच नाही. ओढे आटले, नदीत दगड वर आले, शेजाऱ्यांच्या विहिरी चिखलावर आल्या. हिटीची विहीर खोल होती. एसाहेल काहीही असो, विहीर खणताना आळस करत नसे. सप्टेंबरच्या मध्याला एका सकाळी उत्तरेच्या रस्त्यावर धुळीचा लोट दिसला. वणवा असेल म्हणून ती पोतं भिजवायला धावली. मग घोडे दिसले.

आठशेहून जास्त माणसं होती, असं नंतर लोक सांगत. हिटीने मोजली नाहीत. पुढे-मागे बंदूकवाले घोडेस्वार, मधे चालणारी माणसं, त्यांच्या मागे आजाऱ्यांचे छकडे. तळ्यांवर त्यांना प्रार्थनेच्या जागी बोलावून घेरलं होतं आणि झोपड्या पाडल्या होत्या, ही बातमी आठवड्यापूर्वीच पोचली होती. कुणी आरडाओरडा करत नव्हतं. नुसता पायांचा आवाज, खोकल्याचा आवाज, आणि मधूनच एखाद्या लेकराचं किरकिरणं.

विहीर बघून रांग थांबली. पोहऱ्यावर पोहरा निघू लागला. हिटी स्वतः रहाट ओढत होती, पाठ मोडायला आली तरी. आणि मग कुणी तरी तिच्या हातातली दोरी दुसऱ्या बाजूने धरली. मानी होती. ती इतकी वाळली होती की हिटीने आधी हात ओळखला, मग चेहरा.

दोघींनी मिळून दोन पोहरे काढले. मग हिटी म्हणाली, "मानी, त्या कागदावर माझ्या माणसाची सही आहे. माझ्या टेबलावर झाली. मी प्यायला वाढलं."

"माहीत आहे," मानी म्हणाली. "ओढ."

तिसरा पोहरा निघाला. "कुठे आहे तो?"

"पश्चिमेला गेला."

"आम्हीही तिकडेच." मानीने पाण्याचा हात तोंडावरून फिरवला. "फार गर्दी होणार तिकडे."

हिटीने दोरी सोडली आणि जवळच्या घोडेस्वाराकडे गेली. नदीपलीकडच्या गिरणीवाल्याचा भाऊ, चाळिशीचा, ओळखीचा. "या बाईला माझ्याकडे ठेवून जा," ती म्हणाली. "म्हातारी आहे. मी तिला सांभाळते."

"हिटीमावशी, यादीत नाव आहे. मुक्कामाला मोजणी होते. एक कमी भरलं तर मला विचारतात."

"मेली सांग."

तो खाली बघत म्हणाला, "मेलेलेही मोजतात."

मानीने तिची बाही ओढली. "माझ्यासाठी मागू नकोस. पुढच्या छकड्यात आन आहे, तापात. तिचे दोघे थोरले पायी चाललेत. मी इथे राहून काय करू? दुसरं माग."

"काय मागू?"

मानी तिला छकड्यापाशी घेऊन गेली. आन आडवी पडली होती, डोळे उघडे, पण कुणाला ओळखत नव्हती. तिच्या पायाशी घोंगडीची एक लहानशी गुंडाळी होती. आठ महिन्यांचा मुलगा. पहाटे गेला होता.

"यांनी सांगितलं, रस्त्याच्या कडेला पुरा," मानी म्हणाली. "रस्त्याच्या कडेला डुकरं उकरतात. जागा दे."

घोडेस्वाराने अर्धा तास दिला. घरामागे जंगली सफरचंदाच्या झाडाखाली दोघींनी खणलं. जमीन वाळून वीट झाली होती. हिटीने विहिरीचं पाणी ओतून ती मऊ केली. घरातून आपली लग्नातली तागाची चादर आणली, तीच जी चारही बिऱ्हाडांत पेटीच्या तळाशी राहिली होती, आणि घोंगडी काढून बाळाला तीत गुंडाळलं. घोंगडी मानीने परत घेतली. पुढे थंडी होती आणि दोघे जिवंत होते. मानीने आपल्या बोलीत प्रार्थना म्हटली, मग लॅटिनमधली पाद्र्यांची. हिटीला कुठलीच प्रार्थना सुचेना. ती माती लोटत राहिली.

"मी माझी तीन मागे टाकून आलेय," ती शेवटी म्हणाली. "एकाही ठिकाणी कुणी बघणारं नाही. चौथा कुठे आहे तेही माहीत नाही."

मानी गुडघ्यावर हात टेकून उठली. "याला बघ."

"बघीन."

"किती वर्षांचं घर आहे तुझं?"

"आता जाणार नाही मी."

मानीने तिच्याकडे क्षणभर बघितलं. तिचा विश्वास बसला की नाही, हे हिटीला कधी कळलं नाही. रांग हलली. मीठ आणि भाकऱ्यांचं गाठोडं हिटीने तिच्या काखेत कोंबलं, आणि धूळ बसायला दुपार गेली.

त्या शरदात तिने झाडाखाली लहान कुंपण घातलं. स्वतः खुंट तासले. वेडेवाकडे झाले, पण बसले.

एसाहेल पुढच्या वर्षी ऑक्टोबरात परत आला, एकटा, माल नेणाऱ्या एका घोडागाडीवाल्याच्या मागे बसून. गालफडं बसली होती, हातात काठी. ऑरिन आयोवात चार महिन्यांत कंटाळला होता आणि मिसुरीच्या बाजूला आणखी पुढे गेला होता. म्हातारा थंडीतापाने पडला, तेव्हा सुनेने बरंच केलं, पण गाडीत दोन आजारी चालत नाहीत; ती गरोदर होती. त्याला शेजाऱ्याकडे ठेवून ते निघाले.

हे त्याने एका दमात सांगितलं नाही, तुकड्या-तुकड्याने महिनाभर सांगत होता. हिटीने त्याला लापशी दिली, पाय शेकले. 'मी म्हटलं नव्हतं का' असं ती म्हणाली नाही. तेवढी ताकद दोघांतही नव्हती. घरामागे फिरताना त्याला कुंपण दिसलं.

"हे कुणाचं?"

"मानीच्या नातवाचं."

तो काठीवर रेलून उभा राहिला. "इथे? आपल्या जमिनीत?"

"हो."

त्याने एक खुंट हलवून बघितला. "खुंट फार वर ठेवलेस. वाऱ्याने हलतील." दुसऱ्या दिवशी त्याने ते काढून खोल ठोकले.

१८४१ च्या जून महिन्यात एक बाई उत्तरेकडून नव्हे, पश्चिमेकडून चालत आली. अंगावर पुरुषी कोट, पायात दोन वेगवेगळे जोडे. हिटी शेंगा सोलत होती. बाई दाराशी न येता विहिरीपाशी थांबली, तिने रहाटाला हात लावून बघितला आणि मग विचारलं, "ती विहीर हीच का?"

ती आन होती. तापात तिला विहीर दिसली नव्हती, बाळ पुरलेलंही दिसलं नव्हतं. शुद्धीवर आली तेव्हा तीन मुक्काम मागे पडले होते. मानीने तिला रस्त्याच्या खुणा सांगून ठेवल्या होत्या: नदी, खोल विहीर, लंगडी बाई, आंबट सफरचंदाचं झाड. मानी कान्ससच्या बाजूला, जिथे त्यांना नेलं होतं, पहिल्याच हिवाळ्यात वारली. आनचा थोरलाही गेला. मधला तिथेच नवऱ्याजवळ होता. आन तिचा भाऊ मिशिगनच्या हद्दीत राहतो तिकडे निघाली होती. तिथल्या काही पोटावाटमींना सरकारने राहू दिलं होतं. दोन महिने चालत होती.

हिटीने तिला झाडापाशी नेलं आणि परत येऊन शेंगा सोलू लागली. आन दुपारभर तिथे बसली. रडण्याचा आवाज आला नाही. उन्हं कलली तेव्हा हिटी भाकरी आणि दूध घेऊन गेली. आन कुंपणाच्या आतलं गवत हाताने उपटून काढत होती, एकेक काडी.

"तो कशात आहे?" तिने विचारलं.

"माझ्या लग्नाच्या चादरीत."

आनने मान हलवली. भाकरी अर्धी खाल्ली, अर्धी कोटात ठेवली.

परत आलेल्या इंडियनांना पकडून पुन्हा पलीकडे पाठवत असत, आणि उत्तरेचा रस्ता आता वस्त्यांमधून जात होता. हिटी एसाहेलकडे गेली. तो ओसरीवर बसला होता, खिडकीतून सगळं बघून बाहेर आलेला.

"गाडी जुंपा," ती म्हणाली.

"मी? माझी कंबर बघ. आठ दिवसांची वाट आहे, जाऊन येऊन."

"तुमच्या शेजारी बसली तर तिला कुणी अडवणार नाही. पेटिबोनची मोलकरीण म्हणतील."

"आणि कुणी विचारलंच तर?"

"तर सांगा, तुमची सही सरकारदरबारी आहे. चौथी."

साडेतीन वर्षांत हा विषय तिने पहिल्यांदाच काढला होता. एसाहेल उठला. बैल जुंपायला त्याला अर्धा प्रहर लागला. आनने दुसऱ्या बाजूचं जोखड उचलून धरलं. हिटीने गवताच्या गादीवर दोघांचं खाणं ठेवलं. आनने जाताना हिटीचा हात धरला नाही, आभार मानले नाहीत. फक्त झाडाकडे एकदा बघितलं आणि मग बैलांच्या शिंगांकडे बघत बसली. ते बघणं हिटीच्या ओळखीचं होतं.

एसाहेल दहाव्या दिवशी परतला. भावाच्या दारात पोचवलं, म्हणाला. वाटेत दोन ठिकाणी विचारलं, पण निभावलं. हिटीने त्याच्यापुढे उकडलेलं मांस आणि बटाटे ठेवले.

"चार दिवसांत एक शब्द बोलली नाही बाई," तो म्हणाला.

"काय बोलणार?"

"तेही खरं." त्याने शेवटचा बटाटा फोडला, मीठ लावलं. मग नजर वर न करता, अगदी सहज, म्हणाला, "तिकडे वर जमीन मात्र चांगली आहे गं. ओढ्याकाठी एक पट्टा बघितला. काळीभोर. मैलभर कुणाचा धूर नाही."

हिटीने त्याच्याकडे बघितलं. तो खरंच तिथे होता, त्या पट्ट्यावर, त्याच्या डोळ्यांत ऊन होतं. तिला राग यायला हवा होता. पण फक्त दमायला झालं. तिने त्याच्यापुढचं रिकामं ताट उचललं.

"उद्या मक्याला माती लावायचीय," ती म्हणाली. "झोपा आता."